कोंड्याला दिलेली पोर

माझी सून तुळजा दिसायला गरीब. पण अशा गरीब दिसणाऱ्या बाया ऐन वेळेला माणसाला कसं तोंडघशी पाडतात ते मी भिवंडीच्या हायस्कुलात बघितलं. समोर शाळेची बाई, हातात पेन उघडून. पोर माझ्या बाजूला उभी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, सातवीला गावच्या शाळेत पहिली आलेली. बाईनं सरळ विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?" आणि जिनं त्या पोरीला जन्म दिला ती माझी सून फरशीकडे बघून म्हणाली, "न्हाय. मी काकी."

बस, एवढंच. मी कोपरानं ढोसलं, पायावर पाय दिला, तरी दुसरा शब्द नाही. दगडाला पाझर फुटेल, पण हिच्या तोंडाला नाही. पोरीचं आठवीत नाव घालायला आमच्या राहनाळ गावावरून उन्हातान्हात चालत आलो आणि शब्दासाठी अडलो.

आता काकी का म्हणाली ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घरात सगळीच डोक्यानं कमी.

तुळजाला पहिला मुलगा झाला, हरी. धट्टाकट्टा. रांगत रांगत माझ्या चुलीपर्यंत यायचा. दीड वर्षाचा होता, गोवरानं गेला. मग मुलगी, कमळ. तिला तर दात यायची वेळसुद्धा आली नाही. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तुळजा हसायची नाही की रडायची नाही. भाताची झोडणी चालली होती. त्या साली आमचं आणि शेजारच्या धोंडूबाईचं खळं एकच होतं. भारा आपटता आपटता हिला कळा आल्या, आणि तिथंच पेंढ्याच्या आडोशाला पोर झाली. नाळ धोंडूबाईनं कापली. मी गरम पाणी घेऊन पोचले तेव्हा पोर पदरात होती.

ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरानं काय करायचं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी बाराव्या दिवशी पोर सुपात घातली आणि धोंडूबाईच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. तिनं सूपभर कोंडा माझ्या पदरात टाकला आणि पोर उचलली. "पोर माझी," असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली की पार तळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. ओरडायचंच असतं. ज्याला ऐकू जायला पाहिजे त्याला ऐकू गेलं पाहिजे, की या घरात आता न्यायला काही नाही, एक पोर आहे ती दुसऱ्याची.

मग ती दुसऱ्याची पोर आमच्याकडे दूध प्यायला आली, आमच्याकडेच झोपली, आमच्याकडेच वाढली. पण नेम मी घालून दिला. धोंडूबाईला आय म्हणायचं, तिच्या नवऱ्याला, नवशाला, बा. माझ्या दामूला काका आणि तुळजाला काकी. पोरीला आमच्या घरात कुणी लेक म्हणायचं नाही. परत घ्यायची ती लग्नाच्या हळदीला, आणि तीही आईनं स्वतःच्या तोंडानं मागून. दुसऱ्या कुणी मागितली तर ती परत आलेली धरत नाहीत.

पोरीचं नाव चंद्रा. ती जगली. पुढे तुळजाला मूल झालं नाही, पण ही जगली.

सहा वर्षांची झाली तेव्हा गावचे मास्तर पोरं लिहायला अंगणात आले. "कुणाची?" म्हणाले. मी म्हटलं, "नवशा तऱ्याची." म्हणणारच. मास्तर परगावचा माणूस, दहा दारांत बसतो, कुठे काय बोलेल सांगता येतं का? त्यांनी लिहून घेतलं, चंद्रा नवशा तरे. पोर जगवायची होती हो, हायस्कूल कुणाच्या मनात होतं! आमच्या आळीत मुलगी सातवीपर्यंत गेलेली हीच पहिली.

तर ते नाव दाखल्यावर चढलं आणि दाखला घेऊन आम्ही प्रमोदिनीबाईंसमोर उभ्या.

प्रमोदिनीबाई म्हणजे मुलींच्या तुकडीचे प्रवेश बघणारी मास्तरीण. जुन्या भिवंडीतलं घर, बाप कचेरीत होता म्हणे. इस्त्रीचं पातळ, कोपरापर्यंत पोलकं, बोलणं मोजकं. पण माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. तिनं पोरीला दोन गणितं घातली, एक कविता म्हणायला लावली, आणि मग दाखला उघडला.

"वडील नवशा रामा तरे. कुठे आहेत?"

"तो शेजारी," मी म्हटलं.

"शेजारच्या खोलीत?"

"न्हाय हो, शेजारच्या घरात. ते शेजारी आमचे."

"मग या मुलीचे वडील?"

"माझा मुलगा. दामू भोईर. लूमवर हाय, निजामपुऱ्यात. आज दिवसपाळी."

बाईनं दाखला पुन्हा वाचला, जणू पहिल्यांदा नीट वाचला नसेल. मी तिला कोंड्याची गोष्ट सांगायला घेतली. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आजी, तुमचं मला पटो न पटो, पण हे मी रजिस्टरात कसं लिहू?" आणि मग तिनं तुळजाकडे बघून तो प्रश्न विचारला, आणि तुळजानं ते उत्तर दिलं.

"दोन वाटा आहेत," बाई म्हणाली. "दाखल्यावर ज्यांचं नाव आहे त्या आईवडिलांनी येऊन सही करावी. नाहीतर खरी आई असेल तिनं माझ्यासमोर तसं सांगावं, मी गावच्या मास्तरांना चिठ्ठी देते, तिथलं नाव सुधारून घ्या. पण शनिवारपर्यंत. मुलींच्या तुकडीत आता थोड्याच जागा आहेत, शनिवारनंतर मी धरून ठेवू शकत नाही. आणि नीट विचार करा. इथे जे नाव पडेल तेच मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर जाईल."

आता जागा गेली तर काय, ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. इथल्या धोबीआळीतल्या पोरी बघते ना मी. सातवी झाली की लूमवर सुताच्या कांड्या भरायला. दिवसभर उकिडव्या बसून चरखा फिरवायचा, बोटांना चिरा, नाकात तंतू. चंद्रा एक वर्ष घरी बसली असती तर पुढच्या वर्षी तिला शाळेत घालायला कुणी उठलं नसतं. मीही उठले असते की नाही, देव जाणे.

घरी आल्या आल्या मी तुळजाला धरलं. ती चुलीत काटक्या सारत होती.

"दातखीळ बसली व्हती काय गं?"

"बाईनं इचारलं, मी सांगितलं."

"काय सांगितलंस? काकी?"

"तुम्हीच सांगितलेलं, आत्याबाई. कुणी इचारलं तर काकी सांगायचं."

"ते येडे, जो पोरं न्यायला येतो त्याला सांगायला! शाळेच्या बाईला न्हाय!"

तुळजानं फुंकणी खाली ठेवली. "तो कुठं बसून ऐकत असतो ते तुम्हाला ठावं हाय?"

संध्याकाळी दामू आला. केसांत, भुवयांत कापसाचा भुसा, कानात अजून लूमची खडखड, त्यामुळे घरात आला तरी तो ओरडूनच बोलतो. मी सगळं सांगितलं. तो पाय धूत धूत म्हणाला, "एवढंच ना? नवशाभाऊला ने. सही ठोकेल तो. नाव काय चाटायचं हाय, आये?"

"उद्या ती मॅट्रिक होईल. सर्टिफिकिटावर तरे. तेव्हा तू काय चाटशील?"

"मी च्या पिईन," तो म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला. पुरुषाच्या जातीला पाळीवरून आल्यावर विचार सोसत नाही.

पण मला सोसवेना. माझा नवरा गेला तेव्हा दामू कुंचीत होता. भाऊबंद जमीन गिळायला टपले होते. मी एकटीनं भात लावलं, एकटीनं बांध राखला, भोईरांचं घर हे असं उभं ठेवलं. आणि त्या घरातली पहिली शिकलेली पोर कागदावर तऱ्यांची व्हायची? कोंड्याचा सौदा नशिबाला फसवायला केला होता. सरकारी कागदावर पोर देऊन टाकायला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी गेले. धोंडूबाईशी माझं बोलणं नव्हतं. तिच्या बकरीनं माझी वालाची वेल मुळापासून खाल्ली होती आणि वर ती मला म्हणाली होती की वेल कडू होती, बकरी आजारी पडली. नवशा ओट्यावर खाडीचं जाळं शिवत होता. त्यानं मला बघितलं आणि मान जाळ्यात घातली.

"नवशा, शनिवारी मोकळा हायस?"

आतून धोंडूबाई बाहेर आली, हात पिठाचे. "शाळेचं ना? चंद्री मला कवाच सांगून गेली. आय हाय मी तिची. येऊ आम्ही. नवं लुगडं काढून ठेवलंय."

"लुगडं राहू दे. मी काय बोलते धोंडे, पोर परत दे. हळदीपर्यंत थांबायचं न्हाय आता."

धोंडूबाई हसली. हसली म्हणजे दात दाखवले. "दे? तू कोण गं मागणारी?"

"मी कोण? मीच तर दिलेली!"

"दिलेली तू. पण मागायची आईनं. सुपात घालताना तूच बोलली व्हतीस, आळी साक्षीला व्हती. तुळजीला धाड. ती मागू दे, उभ्या उभ्या देईन. तू पुन्हा मागायला आलीस तर बकरी सोडीन तुझ्या नव्या वेलीवर."

नवशा जाळ्यातून म्हणाला, "सही करायची का न्हाय ते आधी ठरवा. मला दाढी करावी लागेल."

मी परत फिरले. नेम माझाच होता.

तुळजा पडवीत बियाणं पाखडत होती. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरणी तोंडावर आली होती. मी तिच्यासमोर बसले. चांगल्या आवाजात सांगायचं असं ठरवून बसले होते, पण माझा चांगला आवाज फार लांब जात नाही.

"ऊठ. धोंडूबाईच्या दारात जा आणि पोर माग. मग शनिवारी बाईसमोर सांग, माझी म्हणून."

"न्हाय," ती म्हणाली.

सतरा-अठरा वर्षं ही बाई माझ्या घरात आहे. मी म्हटलं तेव्हा उठली, म्हटलं तेव्हा बसली. 'न्हाय' हा शब्द तिच्याकडून मी पहिल्यांदा ऐकला. सूप तिच्या हातात तसंच हलत होतं.

"काय न्हाय?"

"हरी झाला तवा मी अख्ख्या आळीला दाखवत फिरले, आत्याबाई. माझा हरी, माझा हरी. कमळीच्या वेळी तोंड दाबून बोलले, पण बोललेच. हिला एकदाबी माझी बोलले न्हाय. झोपेतबी न्हाय. ताप आला तवा धोंडूबाईला जाऊन बोलले, तुझ्या पोरीला ताप हाय. ती जगली. आता तुम्ही बोलता, बोल. कशाला? भोईर लागलं पाहिजे म्हणून?"

"माझ्यासाठी न्हाय बोलत मी."

"मग कुणासाठी? पोरीला शाळेत जायचं हाय. ती तऱ्यांच्या नावानंबी जाईल."

 

मी उठून विहिरीकडे गेले, काम नव्हतं तरी. चंद्रा तिथं कपडे आपटत होती आणि इंग्रजीचे आकडे मोठ्यानं म्हणत होती, वन, टू, थ्री, एका आपटण्याला एक. मला बघून थांबली.

"आजी, एक इचारू?"

"इचार."

"ती दोघं काकीनं माझी बोललं म्हणून मेली का?"

घरातलं बोलणं पोरं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं. मी घागर पाण्यात सोडली. काय सांगणार होते? त्या वर्षी, ही तान्ही होती तेव्हा, देवी टोचणारा सरकारी माणूस राहनाळला आला होता. धोंडूबाईनं हिला त्याच्यापुढे धरलं होतं, कारण तुळजा धरायला तयार नव्हती आणि मी शेतावर होते. दंडावर व्रण आहे अजून. नंतर गोवराची साथ आली आणि हिला नुसती पुरळ येऊन गेली. देवीची सुई गोवराला चालते की नाही, मला ठाऊक नाही. आता पोर कोंड्यानं जगली, की सुईनं, की आपलं आयुष्य घेऊनच आली होती? मी कधी कुणाला विचारलं नाही. जगलेल्या पोराबद्दल फार विचारायला भीती वाटते. पण मेलेल्यांबद्दल ही विचारत होती.

"गोवरानं गेला हरी," मी म्हटलं. "बोलण्यानं कुणी मरत असतं तर माझ्या बोलण्यानं अर्धं गाव उलथलं असतं."

ती हसली आणि पुन्हा आपटायला लागली. फोर, फाइव्ह. मला मात्र वाटलं, हे उत्तर मला माहीत आहे, ते मी तुळजाला कधी दिलं नाही. देऊनही तिनं ऐकलं नसतं. आणि खरं विचाराल तर मलाही त्याची पुरती खात्री नव्हती. दिवसा मला गोवर वाटतो. तिन्हीसांजेला दुसरंच काही वाटतं.

शनिवार आला. मी ठरवलं, नवशाच सही करू दे. भोईर गेलं खड्ड्यात. पोर कांड्या भरायला बसण्यापेक्षा तरे म्हणून शिकली तर काय आभाळ कोसळतं? हे ठरवायला मला किती जड गेलं ते मी कुणाला दाखवलं नाही. दामूला फक्त म्हटलं, "तुझंच खरं." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला बरं नाही की काय.

निघालो सगळी. नवशा दाढी करून, टोपी घालून. धोंडूबाई नव्या लुगड्यात, चालताना ते कडकड वाजत होतं. चंद्रा तिच्या हाताला धरून. मी मागे, आणि माझ्यामागे तुळजा. तिनं यायची गरज नव्हती. मी म्हटलंही तसं. ती म्हणाली, "पाणी कोण घेईल?" आणि तांब्या घेऊन आली.

निजामपुऱ्यातून गेलो. सत्तर सालच्या दंगलीनंतर काही वर्षं तिथल्या गल्ल्या गप्प होत्या, आता पुन्हा भिंती हलेपर्यंत लूम चालतात. बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. बरं झालं, कुणालाच बोलायचं नव्हतं.

प्रमोदिनीबाईनं नवशाला खुर्ची दिली. तो टोकावर बसला, जणू खुर्ची तापलेली आहे.

"तर तुम्ही वडील."

"कागदावर तसंच हाय," नवशा म्हणाला. खोटं बोलायचं नाही आणि पोरीचं अडवायचं नाही, असं त्याला जमवायचं होतं.

बाईनं पेन उचललं. मग दाखल्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "जन्मतारीख एक जून. आज तुमच्या गावच्या तीन मुली आल्या, तिघींची एक जून. राहनाळला बाकीचं वर्ष कुणी जन्माला येत नाही का?"

"मास्तर तसंच लिवतात," मी म्हटलं. "सोपं पडतं."

"बरोबर नाही ते. अंदाज तरी असेल." बाई धोंडूबाईकडे वळली. "तुम्ही आई. कधी झाली मुलगी?"

धोंडूबाईनं लुगडं सारखं केलं. "शिमग्यात," ती म्हणाली. "होळी पेटवून आलो आणि झाली. रातचीच."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. शिमगा? नाळ कापणारी बाई ही! खळ्यावर, भर दुपारी, स्वतःच्या हातानं!

"म्हणजे मार्च," बाई म्हणाली आणि लिहायला वाकली.

"न्हाय."

खोलीत कोण बोललं ते आधी कळलंच नाही. तुळजा दारापाशी उभी होती, तांब्या दोन्ही हातांत धरून.

"शिमग्यात न्हाय. झोडणी व्हती. दुपार व्हती. भारे पडलेले, मी आपटत व्हते. ऊन व्हतं पण थंडी व्हती, पेंढा ओला व्हता. मंगळवार. सोमवारी बाजार झालेला, मंगळवार व्हता. पहिल्यांदा रडलीच न्हाय ही, धोंडूबाईनं पायाला धरून उलटी केली तवा रडली. शिमग्यात कशी होईल? शिमग्याला ती हसाय लागली व्हती. मला बघून हसाय लागली व्हती."

एका दमात बोलली आणि मग तोंडावर हात ठेवला. तांब्यातलं पाणी फरशीवर सांडत होतं, तिला कळत नव्हतं.

बाईनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही परवा काकी म्हणालात."

तुळजा चंद्राकडे बघत होती. बघत होती म्हणजे कशी, जशी पोर आत्ताच्या आत्ता खाली कोसळेल. पोर कोसळली नाही. पोर तिच्याकडे बघत उभी होती, तोंड उघडं टाकून.

"मी आय हाय हिची," तुळजा म्हणाली.

इतक्या बारीक आवाजात, की बाई म्हणाली, "जरा मोठ्यानं."

"आय हाय मी हिची!"

वऱ्हांड्यातली एक पोरगी डोकावून गेली. मग धोंडूबाई पुढे झाली. नेमाचे शब्द तिनं नीट उच्चारले.

"मागतेस?"

"मागते," तुळजा म्हणाली.

"मग घे."

तिनं चंद्राचा हात धरला आणि तुळजाच्या हातात दिला. तांब्या खाली पडला, गडगडत टेबलाखाली गेला. बाई म्हणाली, "अहो, इथे देणंघेणं काही नको हं, हे शाळेचं ऑफिस आहे." आणि मग तिनं आम्हा तिघींच्या तोंडांकडे बघितलं. उठून स्वतःच दार लावून घेतलं.

गावच्या मास्तरांना चिठ्ठी लिहायला तिला थोडा वेळ लागला. तुळजाचा अंगठा घेतला. चंद्राचं नाव तिनं यादीत लिहून टाकलं, चंद्रा दामू भोईर, आणि म्हणाली, "जागा धरली आहे. सुधारलेला दाखला पुढच्या आठवड्यात आला पाहिजे, नाहीतर मला बोलणी बसतील."

"आणते मी," मी म्हटलं. "मास्तरांच्या उरावर बसून आणते."

नवशा खुर्चीवरून सुटला तसा म्हणाला, "फुकट दाढी केली."

रस्त्यावर आलो. धोंडूबाई झपाझप पुढे निघाली होती, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. मी तिला गाठलं.

"धोंडे. शिमगा?"

"म्हातारी झाले, गुणाबाय. डोकं चालत न्हाय आता."

"वालाची वेल कडू व्हती ते बरं आठवतं तुला."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. "चंद्री मला आय बोलते ती बोलू दे," ती म्हणाली. "एवढं मी परत देणार न्हाय. मागितलंस तरी देणार न्हाय."

"कोण मागतंय?" मी म्हटलं.

ती पुढे गेली. तिला एकटं चालायचं होतं, मी चालू दिलं.

मागे वळून बघितलं तर तुळजा आणि चंद्रा. तुळजा दर चार पावलांनी पोरीच्या कपाळाला हात लावून बघत होती. पोर वैतागली होती. "काकी, काय करतेस? ताप न्हाय मला!" असं म्हणून हात सोडवून ती पुढे पळाली ती थेट रस्त्याच्या मधोमध. समोरून कापडाच्या गाठी भरलेला ट्रक आला, ड्रायव्हरनं भोंगा दाबून धरला, दोन हिंदी शिव्या हासडल्या. पोर हसत हसत जेमतेम कडेला झाली आणि पुन्हा मधून चालू लागली, नवी शाळा मिळाल्याची मिजास. तुळजा जागच्या जागी उभी राहून पुटपुटली, "सांभाळून गं बाय, सांभाळून." एवढ्या हळू, की पोरीला काय, तिला स्वतःलाही ऐकू आलं नसेल. आणि मग, ती नेहमी बघते तसं, तिनं माझ्याकडे बघितलं.

मी तिच्याजवळ गेले आणि रस्त्यावरच, चार माणसं ऐकत होती तरी, तिला सांगितलं:

"ऐक तुळजे. मी गप्प बस बोलले तवा बसलीस, आणि मी तुला बोलायला लावायचा नाद सोडला तवा बोललीस. माझ्याहून हट्टी बाई माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं मला. चांगलं केलंस. पण अजून तू अर्धीच आय हायस. काकी म्हणून आजवर पोरीला एक धपाटा घातला न्हाईस, एक शब्द वाकडा बोलली न्हाईस, सगळं रागावणं माझ्या अंगावर टाकलंस. ती बघ कशी चालतेय रस्त्याच्या मधून. माझ्याकडं काय बघतेस? पोर तुझी हाय. ओरड तिला."